आत माणूस आहे

रुआबांध्याच्या आमच्या क्वार्टरमागे बाबांनी पत्रे टाकून एक खोली काढली होती. तिला आम्ही नुसतं मागची खोली म्हणत असू. जळालेल्या मोटारी, शेजाऱ्यांच्या इस्त्र्या, कूलरचे पंप, तारांची भेंडोळी आणि या सगळ्यांत जागा करून बसलेले बाबा, असा तिथला संसार होता. बाबा पोलादाच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत प्लांटमध्ये, इलेक्ट्रिशियन होते आणि घरी आल्यावरही इलेक्ट्रिशियनच राहत. आईचं म्हणणं असं की लग्नाच्या मांडवातसुद्धा त्यांचं लक्ष तिच्याकडे कमी आणि माईकच्या तारेकडे जास्त होतं. आई भंडाऱ्याकडची. लाखोळीच्या डाळीचे वडे करायची तर आदल्या रात्री डाळ भिजवायची आणि मिक्सर असूनही थोडी पाट्यावर वाटायची, कारण मिक्सर निम्म्या वेळा मागच्या खोलीत उघडून पडलेला असे. दुपारी कूलरचा खर्ज, पाट्याची घरघर आणि शिफ्ट बदलली की लांबून येणारा भोंगा, या आवाजांत मी वाढले. प्लांटकडून वारा सुटला की दोरीवरच्या कपड्यांवर काळी बारीक चमकी बसायची. आई कपडे फटकारताना प्लांटला मनसोक्त नावं ठेवायची आणि त्याच प्लांटच्या पगारावर आम्ही जेवायचो, हे तिला कोणी सांगितलेलं आवडत नसे.

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी बाबा स्विचवर एक लाल पाटी टांगायचे. ही सवय प्लांटची. तिथला नियम असा की यंत्र बंद करून त्यावर काम करणाऱ्याने आपल्या नावाची पाटी टांगायची, आणि ज्याने टांगली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी नाही, साहेबानेही नाही. कारण यंत्राच्या पोटात माणूस असतो आणि बाहेरून तो दिसत नाही. घरासाठी बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून स्वतःच पाटी बनवली होती. लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत हिंदीतून ‘चालू न करें, आदमी काम पर है’, आणि खाली ‘गजानन लांजेवार’. एकदा माझ्या मामांनी बाथरूमच्या बटणावरची पाटी बाजूला सारून दिवा लावायला बघितला, तर बाबा त्यांच्यावर असे ओरडले की मामांच्या हातातला टॉवेल पडला. “बाथरूमच्या दिव्यात माणूस मावते काय, भाऊजी?” मामा जेवताना हसत म्हणाले. बाबा हसले नाहीत. “माणूस कुठी हाय ते पाटी सांगते. आपण ठरवाचं नसते,” एवढंच म्हणाले आणि भातावर वरण वाढून घेतलं.

लॅपटॉप माझ्यासाठी आला होता. मी तेव्हा दुर्गच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि नागपूरच्या आतेभावाने त्याचा जुना लॅपटॉप मला मोठ्या मनाने देऊन टाकला. मन मोठं का झालं ते वापरायला घेतल्यावर कळलं. थोड्या वेळात तो खालून तव्यासारखा तापायचा, पंखा किंचाळायला लागायचा आणि ऐन कामात पडदा काळा व्हायचा. त्याआधी हमखास वायफाय जायचं. मी राउटरला शिव्या घालायची, आई उष्णतेला. बाबांनी दोघींना गप्प बसवलं आणि आठवडाभर रोज थोडा वेळ त्याच्यापुढे बसून राहिले. त्यांची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सकाळी थंड असताना लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला, तिथेही वायफाय धरून राहिलं. तापल्यावर तोच लॅपटॉप राउटरच्या शेजारी ठेवला, तर गेलं. मग खाली उलट्या वाट्या ठेवून हवेला वाट करून दिली, तर जरा जास्त टिकलं. “या दोन बिमाऱ्या नाईत, रश्मे,” बाबा म्हणाले. “एकच हाय. वायफायचं कार्ड त्या गरम नळीच्या बाजूले बसलेलं असंल. डोकं तापलं का ते हात सोडून देते.” राउटरमध्येही दोष सापडला. आईने तो लोखंडी कपाटाच्या मागे, क्रोशाचं झाकण घालून, कोणाची नजर लागणार नाही अशा जागी ठेवला होता. बाबांनी तो बाहेर काढून दाराच्या वरच्या फळीवर बसवला. झाकण आईने घडी करून ठेवलं, पण तिचा चेहरा दोन दिवस पाहवत नव्हता.

एका रविवारी सकाळी त्यांनी मागच्या खोलीच्या बोर्डावर पाटी टांगली आणि लॅपटॉप उघडला. स्क्रू काढले त्या क्रमाने ताटलीत मांडले. पंख्याच्या मागे धुळीचा घट्ट थर बसला होता आणि त्यात आमच्या दोरीवरची ती काळी चमकी. “पाह्य, आपला प्लांट घुसून बसला इच्यात,” बाबा खूश होऊन म्हणाले. चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. नवी आणायला ते सुपेल्याच्या बाजारात निघाले. “हात नोको लावजो,” मला म्हणाले, “येतोच मी.” दुकानात पेस्टची ट्यूब घेऊन त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली, आणि तिथेच काउंटरला धरून खाली बसले.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो फिनेलचा वास आणि आईने डब्यात आणलेला, दोघींनीही न खाल्लेला गोळाभात. उन्हाळा चढला तेव्हा आम्ही त्यांना घरी आणलं. हात चालत होते, पाय चालत होते, बोलणं स्वच्छ होतं. गेलं होतं ते वेगळंच. रिक्षातून उतरून ते आमच्याच दाराशी चपला काढून उभे राहिले. आई म्हणाली, “या ना आत.” तेव्हा आत आले, आणि खुर्चीशी थांबून त्यांनी विचारलं, “बसू काय?”

दवाखान्यातून आमच्या घरी आलेला तो माणूस फार सज्जन होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. आईला तो ‘बाई’ म्हणायचा, मला ‘ताई’. पाणी प्याला की “तुमच्या घरचं पाणी गोड हाय” म्हणायचा. जेवून झालं की ताट उचलून स्वतः घासायला घ्यायचा, जे बाबांनी जन्मात केलं नव्हतं. बाबांचे शर्ट मात्र घालायला तयार नव्हता. “दुसऱ्याचे कपडे कसे घालू, बाई? तो आला तं काय म्हनंल?” शेवटी आईने बाजारातून फिक्या पिवळ्या रंगाचा नवा शर्ट आणला, तेव्हा त्याने आभार मानून तो घातला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मेंदूवर सूज आहे, उतरेल तसं परत येईल, कदाचित येणार नाही, तुम्ही घाई करू नका. आम्ही घाई करत नव्हतो. पण बाबांच्या चेहऱ्याचा एक परका माणूस आपल्याच घरात दबकत वावरतो आणि आपल्याकडे बघून अदबीने हसतो, हे दिवसाढवळ्या अंगावर काटा आणणारं असतं. मी कॉलेजातून घरी यायला उशीर करू लागले.

आणि मग त्याला मागची खोली सापडली. मी दारात होते. त्याने बोर्डावरची पाटी वाचली, बोट फिरवून नाव वाचलं. “गजानन लांजेवार. कोन हाय हा?”

“तुम्हीच आहात, बाबा,” मी म्हणाले.

लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसा तो हसला. मग त्याची नजर चादरीखाली झाकलेल्या, उघड्या पडलेल्या लॅपटॉपकडे गेली. चादर उचलून त्याने आत बराच वेळ बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. “पाटी लागली हाय म्हंजे आत माणूस हाय, ताई. कव्हाचा आत हाय तो?”

त्या दिवसापासून तो तिथेच बसू लागला. पाटी बोर्डावर, म्हणून खोलीतला पंखा बंद, वरून पत्रे तापलेले, आणि हा स्टुलावर पहारा देत घामाने निथळतोय. मी एकदा न राहवून पंख्याचं बटण दाबायला हात वर केला, तर त्याने माझं मनगट असं पकडलं की वळ उठले. “मरंल ना तो!” तो ओरडला, आणि लगेच हात सोडून माझी माफी मागितली. दुपारी पत्रे ऊन खाऊन टिकटिक करत. कोणीतरी पक्कडीने हळूहळू काम करतोय असा तो आवाज. तो बोट वर करून आम्हाला गप्प करायचा. “ऐका. करून राहिला.” मग एके दिवशी त्याने आईला विचारलं, “बाई, त्याले जेवाले देल्लं काय कोणं?” आईने आत जाऊन ताट वाढून आणलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं. संध्याकाळी ताट रिकामं होतं. रोज ठेवलं, रोज रिकामं झालं. तोच खात असेल, किंवा मांजर. मी आज या वयातही मांजर म्हणते आणि पुढच्या कामाला लागते. पण खाताना मी कोणालाही पाहिलं नाही.

याहून मला आईची भीती वाटली. एका दुपारी घरी आले तर तो पुढच्या खोलीत कूलरसमोर झोपलेला आणि मागच्या खोलीतून आईचं बोलणं ऐकू येत होतं. ती पाटीसमोर उभी राहून, कमरेवर हात ठेवून, रोजच्या सुरात बोलत होती. “भुरेभाऊच्या पोराचं लगन जमलं. रश्मी अभ्यास करून नाई राहिली, तुमीच सांगा तिले. आन् तुमचा निळा शर्ट मी धुवून ठेवला.” मग ती थांबली. कोणीतरी उत्तर देत असावं तितका वेळ थांबली, आणि हसली.

“आई, कोणाशी बोलून राहिली?”

“तुह्या बाबाशी.”

“बाबा तो उधर सो रहे हैं ना, आई!” घाबरले की मी हिंदीत शिरायची.

“तो पाहुणा हाय, रश्मे.” ती समजावणीच्या सुरात म्हणाली. “चांगला हाय बिचारा, पन पाहुणा हाय. तुहे बाबा आत हायेत. काम झालं का येतील. पाटी त्याईची हाय, तेच काढतील. कोणी हात नोको लावजा.”

मला तेव्हा लख्ख दिसलं की बाप तर गेलाच आहे, आता आईही त्या पत्र्याच्या खोलीत जाते आहे, आणि मी एकटी उरणार. मी तशीच सायकल काढून स्मृति नगरला भुरेकाकांकडे गेले. भुरेकाका बाबांचे फोरमन. निवृत्त होऊन स्वतःच्या घरात राहत होते आणि अंगणातल्या पपईवर हुकूम चालवत होते. मी रडत रडत सगळं सांगितलं आणि म्हणाले, काका, ती पाटी तुम्ही येऊन काढा. तुम्ही काढली तर दोघंही ऐकतील.

मला वाटलं होतं ते पाठीवर हात फिरवतील. ते गंभीर झाले. “पाटी अशी काढता येत नाई, पोरी. रूल हाय.”

“काका, तो लॅपटॉप आहे! त्याच्यात माणूस नसतो!”

“मले समजते. पन तुह्या मायले अन् बापाले जे समजते त्याचं काय?” त्यांनी खुरपं खाली ठेवलं. “पाटीवाला आला नाई तं आमी काय करो, सांगतो. आधी सारी जागा पाहो. मंग त्याचं नाव घेऊन जोरानं आवाज देवो. आवाज नाई आला, माणूस आत नाई असं पक्कं झालं, तं फोरमन सगळ्याईसमोर पाटी काढे. तुमी कोणं आवाज देल्ला काय त्याले? नावानं?”

मी आठवू लागले. दवाखान्यात सगळे त्यांना अंकल म्हणायचे. मी बाबा म्हणायची. आणि आई? आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. उखाण्यातसुद्धा आईने ते इतकं पुटपुटत घेतलं होतं म्हणे, की कोणाला ऐकू आलं नाही. त्या घरात बाबांना नावाने हाक कोणीही, कधीही मारली नव्हती.

दुसऱ्या सकाळी भुरेकाका आले. जुनं हेल्मेट घालून, प्लांटचे बूट घालून. शेजारच्या बायका फाटकातून बघत होत्या, आणि एरवी मला लाजेने मेल्यासारखं झालं असतं. त्यांनी आईला नियम सांगितला. आवाज नाही आला तर पाटी निघेल. आईचा रंग उडाला. तिला नीट कळलं होतं की पाटी निघाली म्हणजे आत कोणी नाही हे ठरलं, आणि मग तिच्या वाट्याला फक्त पाहुणा. ती नाही म्हणेल असं वाटलं, पण प्लांटवाल्याची बायको ती, तिने पदर खोचला आणि मान हलवली. पाहुणा मात्र समाधानाने उभा होता. “बरं केलं तुमी आले,” तो काकांना म्हणाला. “लई दिवस झाले त्याले.”

काकांनी खोली बघितली, वाकून टेबलाखाली बघितलं, लॅपटॉपच्या उघड्या पोटात बघितलं. मला हसू यायला हवं होतं. मग ते सरळ उभे राहिले आणि शेडमध्ये ओरडावं तसे ओरडले. “लांजेवार!” पत्रे हादरले. पाहुणाही मान कलती करून, कान देऊन ऐकत होता, आतून काय येतं ते. काही आलं नाही. “लांजेवार! कोनी हाय काय आत?” टिकटिकसुद्धा थांबली होती. काकांनी आमच्याकडे बघितलं, हेल्मेट सारखं केलं आणि पाटीकडे हात नेला.

“थांबा,” आई म्हणाली. ती पुढे झाली. मग तिने डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या जोराने हाक मारली, “गजानन!”

“अवो, वरडते कावून? आलो ना.”

आवाज आला तो माझ्या मागून, दारातून, जिथे पाहुणा उभा होता. पण क्षणभर आम्ही तिघंही लॅपटॉपकडेच बघत राहिलो, इतकं आम्हाला ते खरं वाटलं होतं. बाबा आमच्या मधून वाट काढत पुढे आले. पाटी काढली, नेहमीप्रमाणे मांडीवर पुसली. भुरेकाकांचं हेल्मेट बघून त्यांनी भुवया उंचावल्या. मग स्वतःच्या अंगाकडे बघितलं आणि फिक्या पिवळ्या बाहीला चिमटीत धरून आईला विचारलं, “हा शर्ट कोणाचा वो?”

आईने खोचलेला पदर सोडून तोंड पुसलं. मी बाबांना मिठी मारली, आणि ते ओशाळून माझ्या डोक्यावर टपल्या मारत राहिले, कारण आमच्या घरात मिठ्या मारत नसत.

डॉक्टर म्हणाले, सूज तोवर उतरतच आली होती, त्या सुमाराला ते परत आलेच असते. मी डॉक्टरांशी सहमत आहे. मी शिकलेली बाई आहे, आता रायपूरला मुलांना शिकवते, आणि ज्याच्यावर हे लिहिते आहे त्या लॅपटॉपला पंखाच नाही. बाबांना त्या मधल्या दिवसांतलं काही म्हणता काही आठवलं नाही, आणि आम्ही सांगितलं तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. दवाखान्यातून मिळालेल्या शर्टाच्या खिशात पेस्टची ट्यूब तशीच होती. त्यांनी चिप पुसून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, पंखा धुळीतून मोकळा केला, स्क्रू ताटलीतल्या क्रमाने बसवले. लॅपटॉप तापेना. वायफाय अंगणातल्या पेरूखालीसुद्धा मिळू लागलं. माझं पदवीचं सगळं काम मी त्याच्यावर केलं.

बाबा पूर्ण बाबा झाले. वड्यांत मीठ कमी म्हणायचे, ताट तिथेच सोडून उठायचे, पाण्याबद्दल एक अवाक्षर काढत नसत. आम्ही खूप सुखात होतो, हे मी मनापासून सांगते. पाऊस येऊन गेल्यानंतरची एक संध्याकाळ मला आठवते. आई ओट्यावर बसून लाखोळीची डाळ निवडत होती, मी शेजारी, आणि आत बाबा कोणाच्या तरी इस्त्रीवर खेकसत होते. आईचे हात थांबले. ती फाटकाकडे बघत होती. तिथे कोणी नव्हतं.

“रश्मे,” ती हळूच म्हणाली, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने, “आपण आवाज देल्ला तं हे आले. मंग तो कुठी गेला असंल?”

मी हसून म्हणणार होते, आई, तेच बाबा होते, दुसरं कोणी नव्हतंच. पण मी तिच्या पुढ्यातली मूठभर डाळ घेऊन निवडू लागले.

“त्याले बोलावाचं म्हटलं तं कसं बोलवाचं?” आई म्हणाली. “इतके दिवस जेवला आपल्या घरी. आपण त्याचं नाव नाई विचारलं.”